माणिकरावाचा हात

लोक पोराला धरून माझ्याकडं यायचे आणि म्हणायचे, बाई, याला लिवायला शिकवा. मी पोराला काही विचारायची नाही. त्याच्या आईला विचारायची, हा घरात काय काम करतो? आई बिचारी गोंधळायची. पोराला शाळेत घालायला आणलंय की चाकरीला ठेवायला, असं तोंडावर म्हणणाऱ्याही भेटल्या. पण मला तेवढंच कळून घ्यायचं असे. ज्या पोरानं घरी शेंगा फोडल्यात, अंबाडीचा वाख वळलाय, ज्वारीच्या धाटाच्या चोयट्या सोलून बैलगाड्या केल्यात, त्याचा हात लवकर बसतो. ज्याला सात वर्षांचा झाला तरी आजी मांडीवर घेऊन भरवते, त्याच्या बोटांत शिऱ्याइतकाही दम नसतो. त्याच्या हाती पेन्सिल द्यायची म्हणजे पेन्सिलीचाच छळ.

मी जन्मभर बिगरीचा वर्ग घेतला. वरच्या वर्गांचे मास्तर आम्हाला शिक्षक धरतच नसत. पोरं राखणारी बाई, असा एकूण हिशेब. त्यांच्या वर्गातली मुलं सुरेख अक्षरात निबंध लिहायची तेव्हा ते अक्षर आभाळातून पडलं असावं अशी त्यांची समजूत होती. असो. आता या वयात कुणाशी भांडू? दिवाळी अंकासाठी काही लिहा म्हणाले तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की कुठं किती वर्षं नोकरी केली ते मी लिहिणार नाही. मी एका हाताबद्दल लिहीन. तो हात आठवला की मला अजून घाबरं होतं, आणि ते कुणाला तरी सांगून टाकायचंच आहे.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. लोकांना वाटतं पोर बोटांनी लिहितं. पोर खांद्यानं लिहितं. आधी खांदा स्थिर होतो, मग कोपर, मग मनगट, आणि सगळ्यांच्या शेवटी बोटं. म्हणून पहिले काही महिने मी पेन्सिल देतच नसे. ओलं फडकं पिळायला लावायची. माती मळायला, चिखलाच्या गोळ्या वळायला, ज्वारीतले खडे निवडायला, कापसाच्या वाती करायला. धुळीत हात फिरवून मोठाले गोल काढायला. मग पेन्सिल द्यायची, तीसुद्धा मोडून. नवी कोरी लांब पेन्सिल पोर मुठीत धरतं. नखाएवढा तुकडा मुठीत मावतच नाही, तो चिमटीतच धरावा लागतो, आमटीत मीठ टाकताना धरतो तसा. आणि उरलेली दोन बोटं हवेत नाचू नयेत म्हणून त्या बोटांखाली तळहातात एक चिंचोका धरायला द्यायचा. चिंचोका पडला की समजायचं हात सुटला. नव्या पेन्सिली मोडते म्हणून आयाबाया माझ्याशी किती भांडल्यात. आता बाजारात रंगीत ठोकळे मिळतात याच कामासाठी. चिंचोक्याला कोण विचारतो?

तर मोगलाईतली गोष्ट. आमच्याकडं निजामाच्या राज्याला मोगलाईच म्हणत. मी सोलापुरात मावशीकडं राहून मराठी सातवी झालेली, आणि विशीतच कपाळ मोकळं झालेली. मामानं मला त्याच्या गावी आणलं. लोहाऱ्याहून सास्तूरकडं जाताना आत वळलं की ते गाव लागतं. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गावानं ठरवलं की या पोरीला सोलापूरचं शिक्षण आहे, तर लहान लेकरांना बसवू द्या तिच्याजवळ. मोगलाईत खासगी शाळा काढायला सरकारची परवानगी लागायची, आणि ती मिळत नसे. म्हणून आम्ही तिला शाळा म्हणतच नसू. महादेवाच्या देवळापुढच्या ओसरीत पोरं वाती वळायला बसतात, असं सांगायचं. ते अगदीच खोटंही नव्हतं.

पाट्या थोड्या, पोरं फार. म्हणून मी भिंत वापरायची. ओसरीच्या भिंतीचा खालचा पट्टा पांढऱ्या मातीनं सारवलेला होता. संध्याकाळी घरी जाताना मी त्यावर कोळशानं दुसऱ्या दिवसाचा कित्ता काढून ठेवायची. रेघा, गोल, अर्धगोल, पुढं पुढं ग, म, भ, न. लेकरं तांबडं फुटायला यायची, कारण आईबापांना शेतावर जायचं असे. आली की माझी वाट न बघता कामाला लागायची. लिंबाच्या काडीचं टोक चावून कुंचली करायची, गेरूच्या पाण्यात बुडवायची आणि भिंतीवर जे काही असेल त्यावरून गिरवायचं. ज्यांच्याकडं पाटी होती त्यांनी तेच पाटीवर उतरवायचं. मी त्यांना शिस्तच तशी लावली होती: भिंतीवर दिसलं की गिरवायचं, विचारत बसायचं नाही. आठवडा संपला की सगळ्यांनी मिळून भिंत पुन्हा सारवायची. वाचता कुणालाच येत नव्हतं. आधी हात, मग डोळा, असा माझा क्रम होता.

या सगळ्यात एक पोर होतं पोलीस पाटलांचं. माणिक नाव. नवसाचा, एकुलता एक, म्हणून सहा-सात वर्षांच्या त्या चिमुरड्याला सगळा वाडा माणिकराव म्हणायचा. शेंग सोलून कुणीतरी तोंडात घालायची, अंगरख्याचे बंद कुणीतरी बांधायचे. हात म्हणजे नुसता लोण्याचा गोळा. मी मळायला माती दिली, फडकं पिळायला दिलं, चिंचोके दिले. बाकीची पोरं आपली आपण लागायची, हा मी येऊन काडी हातात देईपर्यंत बसून राहायचा. उजव्या हातात काडी दिली की ती भिंतीवरून घसरत खाली यायची आणि हा माझ्याकडं बघून रडायचा. कलव्वा म्हणून एक वाण्याची पोर होती, घरी कानडी बोलणारी, हाताला फार चलाख. ती त्याला चिडवायची, गौड्या, गौड्या, म्हणायची, कानडीत गौडा म्हणजे पाटील. मग तो आणखी रडायचा.

पाटील एकदा स्वतः ओसरीत येऊन उभे राहिले. उंच माणूस, बोलणं थोडं. त्यांच्याकडं सरकारचं काम, म्हणजे गावात काय चाललंय ते अमीनसाहेबाला, म्हणजे फौजदाराला, कळवायचं. गाव त्यांना वचकून असे आणि पाठीमागं शिव्याही देत असे. तिथं वाती वळत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "बाई, माझं पोरगं स्वतःचं नाव लिवंल तवर मला हितलं काय दिसायचं न्हाय. न्हाय लिवलं तर दिसंल." मी मान हलवली. त्या दिवसापासून त्या पोराचा हात हीच माझी शाळा होऊन बसली.

तो काळच वाईट होता. रझाकारांच्या टोळ्या फिरत होत्या. आज अमक्या गावचा कडबा जळाला, उद्या तमक्या गावची माणसं नेली, असं कानावर यायचं. खरं किती, खोटं किती, कळायला मार्ग नाही, पण लांबवर धूर दिसायचा तो तर खोटा नव्हता. ज्यांना शक्य होतं ते बैलगाड्या जुंपून हद्दीपलीकडं, इंग्रज गेले तरी आम्ही इंग्रजी मुलूखच म्हणायचो तिकडं, सोलापूर-बार्शीला निघून जात होते. मामाही जाऊ म्हणत होता. मी तेव्हा घाबरले नव्हते असं लिहिलं तर ते धादांत खोटं होईल. कुत्रं भुंकलं तरी मी दिवा मालवायची.

उन्हाळा लागायचा होता. एके दिवशी मामी तापानं फणफणलेली, तिचं करून निघायला मला उशीर झाला. ओसरीशी पोचते तो कलव्वा धावत आली, हात कोपरापर्यंत गेरूनं लाल. म्हणाली, बाई, आज लई मोठा कित्ता दिलात, आमी समदा संपवला. मी आदल्या संध्याकाळी नुसते अर्धगोल काढले होते. पुढं होऊन बघते तो अर्धगोलांच्या खाली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात हात उंचीची अक्षरं. रात्री कुणीतरी कोळशानं लिहून गेलं होतं आणि माझ्या गुणी लेकरांनी सकाळी त्यावरून तीन-तीनदा गेरू फिरवला होता. भारत माता की जय. ओसरीचं तोंड रस्त्याकडं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसावं असं लाल भडक झालं होतं. आणि खाली बसलेली पोरं जीभ बाहेर काढून तेच आपापल्या पाटीवर उतरवत होती.

त्या वेळी या चार शब्दांना काय किंमत होती ते आजच्या वाचकाला सांगून कळायचं नाही. असे शब्द भिंतीवर सापडले म्हणून माणसं तुरुंगात गेली होती.  मी ओरडले, पुसा, पाट्या पुसा. पोरांनी थुंकी लावून पाट्या पुसल्या. भिंतीवर मी ओलं फडकं मारलं तर गेरू आणखी पसरला. पांढरी माती भिजवायला घागर उचलली, आणि रस्त्यावरून घोड्यांच्या टापा आल्या.

अमीनसाहेब, दोन जवान, आणि त्यांच्याबरोबर एक तरणाबांड रझाकार. पुढं पाटील चालत होते. वसुलीच्या कामाला आले असावेत. भिंतीकडं बघून अमीनसाहेबानं घोडा थांबवला. तो कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातला, मराठी त्याला वाचता येत नव्हतं, बोलताही जेमतेमच यायचं. पण लाल अक्षरं बघून त्याला शंका आलीच. खाली उतरून तो ओसरीच्या पायरीवर चढला आणि पाटलांना म्हणाला, "पढो."

पाटलांनी भिंत वाचली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, म्हणून सांगते, त्यांनी ती पहिल्या नजरेतच वाचली. ते माझ्याकडं वळले. आता हा माणूस मला धरून देणार, हे मला त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. आणि नेमका त्याच वेळी माणिक उठला. त्याची पाटी पुसलेली नव्हती. पोटाशी धरून तो कोपऱ्यात बसला होता. तो थेट बापापुढं गेला आणि पाटी वर करून म्हणाला, "आप्पा, म्या लिवलं."

अक्षरं वाकडी होती, त चं पोट खाली लोंबत होतं, पण वाचता येत होती. सगळीच्या सगळी. त्या हातानं तोवर एक सरळ रेघ काढलेली नव्हती.

अमीनसाहेब पाटीकडं बघतो, भिंतीकडं बघतो. दोन्हीकडं तेच आहे एवढं तर न वाचताही कळत होतं. त्यानं पुन्हा विचारलं, काय लिहिलंय. पाटलांनी पोराच्या हातातली पाटी काढून घेतली आणि म्हणाले, "हुजूर, देव का नाम है. बच्चे गिरवते."

"इतना लंबा नाम?"

"लंबाच रहता, हुजूर. हमारे देव कू चार चार नाम."

तो रझाकार पोरगा भिंतीसमोर उभा होता. त्याचे ओठ हलत होते. आमच्याच भागातलं पोर असावं, कदाचित कुठल्या तरी बिगरीत बसलेलंही असेल. मी त्याच्या ओठांकडं बघत होते. तो वाचत होता की पान चघळत होता, हे मला अजून कळलेलं नाही. तो काही बोलला नाही. अमीनसाहेबानं भिंत साफ करायला सांगितलं, ही देवाची जागा आहे, खराब करू नका, असं काहीसं म्हणाला, आणि घोड्यावर बसला. पाटलांनी जाता जाता धोतराच्या सोग्यानं माणिकची पाटी पुसून माझ्या हातात दिली. पोरानं असा हंबरडा फोडला की अमीनसाहेबानं मागं वळून बघितलं.

पाहुणे मार्गी लावून पाटील परत आले. पायरीवर बसले, चंची सोडली. मी हातच बघणारी बाई. त्यांच्या बोटांची चिमूट जुळत नव्हती, तंबाखू सगळी धोतरावर सांडत होती. माणिक त्यांना गदगदा हलवून विचारत होता, म्या काय लिवलं हुतं, सांगा की, काय हुतं त्ये. पाटील माझ्याकडं बघत होते, मी पाटलांकडं. त्या पोराला काय सांगणार? सांगितलं तर तो गावभर ओरडत सुटणार. 

मला वाटलं सुटलो. खरं तर भीतीला तिथून सुरुवात झाली.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाटलीणबाईंनी मला बोलावून घेतलं. चुलीपुढं नेऊन उभं केलं. पुढं ओढलेल्या राखेत बोटानं लिहिलेलं होतं, तेच, सगळं. पाटलीणबाईंना वाचता येत नव्हतं, पण पाटलांनी एकदा दाखवल्यापासून त्या ती ओळ ओळखत होत्या. मग परातीतल्या पिठात सापडलं. मग न्हाणीजवळच्या ओल्या मातीत. एकदा तर वाड्याच्या दारासमोर रस्त्यावरच्या फुफाट्यात, आणि वरून गुरं गेली म्हणून निभावलं. लिहिताना त्याला कुणी बघत नव्हतं. सगळे आपल्या कामात, आणि हा निसटायचा. सापडायच्या त्या नुसत्या ओळी.

मला त्या पोराचं सगळं कळत होतं आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती. पोराला पहिली ओळ जमली की ते ती सोडत नसतं. ते जेवताना आमटीनं लिहील, झोपेत लिहील. एरवी मी आनंदानं पेढे वाटले असते. पण या पोराला एकच ओळ येत होती आणि ती एक ओळ सगळ्या घराच्या गळ्याला फास लावणारी. मी दुसरं काहीतरी गळी उतरवायचा प्रयत्न केला. रोज वाड्यावर जायची, त्याचं नाव लिहून द्यायची. उजव्या हातात काडी दिली की पुन्हा तीच घसरण, तेच रडणं. माझं डोकं चालेना. राखेत सरळ लिहिणारा हात माझ्यापुढं का मोडतो? मला वाटलं, धसका घेतलाय.

एवढ्या वर्षांत मी हात बसवायचं काम केलं. बसलेला हात उठवायचा कसा, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी पाटलांनीच ठरवलं. हळदीचा लेप लावून पोराचा उजवा हात बोटांसकट फडक्यात गुंडाळला. गावात सांगितलं, माणिकरावाचा हात भाजलाय. मी विरोध केला. म्हटलं, पाटील, या वयात महिनोन्महिने बोटं बांधून ठेवलीत तर हात कायमचा कच्चा राहील, पुढं कधी लिहिता येईल न येईल. पाटील म्हणाले, "हात गेला तरी चालंल, बाई. पोरगं ऱ्हायला पायजे."

 हात बांधला आणि ओळी सापडायच्या बंद झाल्या. राख स्वच्छ, पीठ स्वच्छ. पाटलीणबाईंनी महादेवाला अभिषेक घातला. ओसरीतली शाळा अर्थात मोडली. दोन-चार पोरं माझ्या घरी येऊन खरोखरच वाती वळत बसायची. माणिकही यायचा, डाव्या हातानं चिंचोके खेळत कोपऱ्यात बसायचा. एकदा जाताना मूठभर घेऊन गेला. मी नाही म्हटलं नाही.

पावसाळ्यात दिवस आणखी वाईट आले. एका दुपारी वाड्यावरून निरोप आला, अमीनसाहेब आलेत, बाईला बोलावलंय. मामीनं माझ्या पदराला धरलं, सोडेचना. मी गेले, न जाऊन कुणाला सांगते? तिथं तोच अमीनसाहेब आणि आता चांगले आठ-दहा रझाकार. पाऊस लागलेला, म्हणून सगळे गोठ्यात आडोशाला. बाजांवर बसून चहा पीत होते. गोठ्याच्या मागच्या भिंतीला कडब्याची थप्पी आढ्यापर्यंत लावलेली, तिला टेकून अमीनसाहेब बसला होता. त्यानं मला विचारलं, अजून शाळा चालवतेस का. मी म्हटलं, वाती वळते. त्यानं बोटं दाखवायला सांगितली. मी हात पुढं केले, बोटांना कापूस चिकटलेला होता. त्यानं मान हलवली.

मग घोड्यांना वैरण घाला म्हणाला. एक जण उठून थप्पीतल्या पेंढ्या ओढायला लागला. तेवढ्यात माणिक कुठून तरी धावत आला आणि कडब्यापुढं दोन्ही हात पसरून उभा राहिला, एक हात फडक्यात, एक मोकळा.  त्याच्या पायांशी ओलं झालेलं मी बघितलं. मला वाटलं, घोड्यांना भ्यालाय. रझाकार हसले. पाटलांनी त्याला उचलून घरात नेलं आणि गड्याला सांगून बाहेरच्या गंजीवरच्या पेंढ्या घोड्यांना टाकल्या. माणसं गेली. पाटलीणबाईंनी पोराची दृष्ट काढली.

आणि मग सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा आल्या. नळदुर्गाकडून तोफा ऐकू आल्या असं लोक म्हणतात, मला तरी पावसाशिवाय काही ऐकू आलं नाही. चार-पाच दिवसांत सगळं संपलं. रस्त्यात लोक नाचत होते, लहानथोर सगळे तेच ओरडत होते जे आमच्या भिंतीवर होतं. मी घरात बसून होते. मला बाहेर पडायचा धीर होत नव्हता, काय सांगू, माझ्या अंगातली भीती लगेच जायला तयार नव्हती.

दसऱ्याच्या सुमाराला पाटील स्वतः मला बोलवायला आले. चेहरा पांढराफटक. मला वाटलं पोराला काही झालं. ते मला गोठ्यात घेऊन गेले. कडब्याची थप्पी गुरांनी खाऊन संपत आली होती. शेवटच्या पेंढ्या त्या सकाळी गड्यानं काढल्या होत्या आणि मागची भिंत उघडी पडली होती.

पांढऱ्या मातीनं सारवलेली ती भिंत जमिनीपासून पोराच्या उंचीपर्यंत भरलेली होती. तीच ओळ. खाली, जोत्याजवळ, वाकडी, त चं पोट लोंबणारी. तिच्या वर तीच, थोडी सरळ. तिच्या वर आणखी सरळ. थप्पी आणि भिंत यांच्यामध्ये पोर मावेल एवढीच फट होती. जे दिसेल ते आम्ही पुसत होतो, म्हणून तिथं शिरून महिनोन्महिने कोळशानं लिहीत तो वर वर चढत गेला होता. मी खाली बसून खालून वर वाचत गेले. अगदी वरची ओळ अशी होती की मी भिंतीवर काढून दिलेला कित्ता वाटावा.

"पण बाई," पाटील म्हणाले, "याचा हात तर बांधलेला हुता."

माणिक दाराशी उभा होता. फडकं नुकतंच सोडलेलं, उजव्या हाताची कातडी पांढरी पडलेली. मी त्याला म्हटलं, लिहून दाखव. त्यानं आधी बापाकडं बघितलं. मग चुलीतला कोळसा आणला, खिशातून एक चिंचोका काढला, डाव्या तळहातात करंगळीखाली दाबला, आणि डाव्या हाताच्या चिमटीत कोळसा धरून झरझर ओळ ओढली. चिंचोका हलला नाही.

डाव्या हातानं लिहायचं नसतं, जेवायचं नसतं, देवाला फूल वाहायचं नसतं. घरी त्या हातावर चापट्या बसत होत्या, आणि माझ्याकडं आला की मी काडी उजव्या हातात देत होते. त्या एका सकाळी मला उशीर झाला, पाटीवरची पेन्सिल कुणी हातात दिली नाही, आणि त्यानं ती हवी त्या हातानं उचलली. आम्ही सगळ्यांनी मिळून बांधला तो भलताच हात.

पाटील भिंतीकडं बघत होते. मग त्यांची नजर बाजेवर गेली, अमीनसाहेब टेकून बसला होता त्या जागेवर. आणि पेंढ्या ओढायला उठलेला तो माणूस त्यांना आठवला असावा. मलाही तोच आठवला. आणखी दोन पेंढ्या निघाल्या असत्या तर. एवढा उंच माणूस भिंतीला धरून खाली बसला.

माणिकला त्यातलं काही कळलं नाही. तो बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून तेच विचारत होता जे त्या दिवशी ओसरीत विचारत होता. "आप्पा, आता तरी सांगा की. काय लिवलंय म्या?"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी पोरं तेच चार शब्द ओरडत चालली होती.  पाटील उठले, दाराशी गेले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली. गोठ्याचं दार ओढून घेतलं, कडी घातली. मग परत येऊन पोराला जवळ ओढलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन, मलाही ऐकू येऊ नये इतक्या हळू, सांगितलं.